जुनी गॅलॅक्टिका आधी, की थेट नवी? (रिमेकवरून घरात दोन तट)

शेवंती:
लेकीने डोकं खाल्लंय, 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही अंतराळातली मालिका बघू म्हणून. एक 1978 ची, एक 2003 पासूनची, म्हणजे तिचा रिमेक. आणि मला रिमेक हा प्रकारच सोसत नाही. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' बघत वाढलेली मी. कर्क म्हणजे शॅटनर, स्पॉक म्हणजे निमॉय. त्या नावाने दुसरं कोणी आलं की तोतया वाटतो. मालिका पुढे न्या ना! 1987 च्या 'नेक्स्ट जनरेशन'ने नेलीच की. नवं यान, नवा कप्तान, जुन्याला धक्का नाही. तर जुनी बघून मग नवी, की थेट नवी? लेक पंधराची आहे. रात्री जेवणं उरकल्यावर तासभर मिळतो.

खवट_मामा:
थेट नवी. जुनीत यांत्रिक कुत्रा आहे आणि त्याच्या पोशाखात चिंपांझी. एवढी पिंक टाकून जातो.

तारकासुर:
शेवंतीताई, मीही तुमच्याच पंथातला होतो. पण गॅलॅक्टिका पुढे नेऊन बघितलीय हो! 1978 ची एका सीझनमध्ये बंद पडली, मग 'गॅलॅक्टिका 1980' आली. पृथ्वी सापडलेली, आणि आपले वीर उडत्या मोटरसायकलींवर. दहा भागांत गाशा गुंडाळला.

मुळात जुन्या मालिकेला आपलीच कल्पना पेलली नव्हती. माणसांच्या बारा वसाहती बेचिराख, उरलेली माणसं मिळेल त्या जहाजातून पळतायत, आणि पहिल्याच कथेत मंडळी एका ग्रहावरच्या कॅसिनोत रमलेली. सुतक कुठेच नाही. रॉनल्ड मूरने (हा 'स्टार ट्रेक'च्याच लेखकांतला बरं का) ते सुतक परत आणलं. '33' हा भाग बघा. दर 33 मिनिटांनी सायलॉन (शत्रू यंत्रमानव) हल्ला करतात, पाच दिवस कोणाला झोप नाही. राष्ट्राध्यक्षीण बाईंच्या मागे पांढरा फळा, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. सुमारे पन्नास हजार, आणि सारखा खोडून कमी करायचा. शेवटी तो एकदाच एकाने वाढतो. का, ते सांगत नाही.

जुन्या मालिकेत अपोलो हा नायक झालेला नट, रिचर्ड हॅच, तुमच्याहून हट्टी. मालिका पुढेच न्यावी म्हणून पदरमोड करून त्याने ट्रेलर बनवला. रिमेकला आधी कडाडून विरोध, आणि मग त्याच रिमेकमध्ये टॉम झॅरेक नावाचं पात्र झाला. काय झालाय!

निळी_पेटी:
म्हणून सगळ्याच मालिकांना रिमेक नको हं. 'डॉक्टर हू'ने 1966 मध्येच नायकाचा चेहरा बदलायची सोय कथेत करून ठेवली. 1989 ला थांबलेली मालिका 2005 मध्ये तिथूनच पुढे निघाली. तिचा रिमेक केला असता तर मीही भांडलो असतो.

मुळामुठा:
ताई, व्यवहाराचं सांगते. नवीची सुरुवात असलेली 2003 ची मिनी-सिरीज आधी, साधारण तीन तास, दोन रात्रींत होते. ती बऱ्याच ठिकाणी वेगळी टाकलेली असते, त्यामुळे लोक चुकून '33' पासून सुरू करतात आणि मग हा कोण, ती कोण. पुढे छळ, आत्महत्या, शय्यादृश्यं आहेत. लेकीबरोबर बसण्याआधी एकेक भाग स्वतः चाळा. जुनी नंतर, पावसात भजी खात. तशी गोड आहे.

अवांतर: शीर्षकसंगीत पुढे ढकलू नका. त्यात गायत्री मंत्र आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, शेजारच्या काकूंनी टेप लावली.

शेवंती:
सगळ्यांचे आभार. काल मिनी-सिरीज अर्धी झाली. जुनीत पुरुष असलेला वैमानिक स्टारबक इथे बाई आहे हे मला कोणीच का सांगितलं नाही? दहा मिनिटं कुरकुरले, मग तिने वरिष्ठाच्या थोबाडीत मारली आणि मी गप्प. लेकीचा मात्र प्रश्न वेगळाच: यांच्या सगळ्या कागदांचे कोपरे कापलेले का असतात?

खवट_मामा:
कागद सोडा. कुत्रा नाही ना? मग बघत राहा.