मदत हवी आहे: 'ग्लॅडिएटर' सायकलचं पोस्टर अस्सल कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,
नोकरीनिमित्त फ्रान्समधल्या लिआँला असतो. रविवारी इथल्या जुन्या बाजारात 'सिक्ल ग्लॅडिएटर' या जुन्या फ्रेंच सायकल कंपनीच्या जाहिरातीचं पोस्टर मिळालं. ताऱ्यांनी भरलेलं आभाळ, पंखांची सायकल आणि तिला धरून उडणारी लाल केसांची अप्सरा. मूळ चित्र १८९५च्या सुमाराचं, पॅरिसच्या मासियास छापखान्यातलं. चित्रकार अज्ञातच. पाल किंवा म्युशा या त्या काळच्या पोस्टर-चित्रकारांसारखी सही असती तर निदान एक धागा मिळाला असता!

माझी अडचण अशी. त्या काळी प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापत, त्यामुळे भिंगातून रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात. नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपके रांगेत येतात. माझ्या प्रतीत केसांवर कण दिसतात, पण आभाळात काही ठिकाणी ठिपके अगदी सारखे वाटतात. नंतर कुणी रंग भरून डागडुजी केली असेल का? मागे कापड चिकटवलंय, त्यामुळे कागद तपासता येत नाही.

शिळाछाप (अशी दगडावरून छापलेली चित्रं) जवळून हाताळलेलं कुणी आहे का इथे? आणखी एक: डिसेंबरात हे चिपळूणला न्यायचंय. तिथल्या पावसाळी दमटपणात बुरशी लागू नये म्हणून फ्रेम कशी करून घेऊ? जीव जडलाय या चित्रावर, खराब होऊ द्यायचं नाही.