ब्रेक दाबला की पुढचा इंडिकेटर मिणमिणतो

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे आणि ती रत्नागिरीत घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. या पावसाळ्यानंतर तिच्या डाव्या बाजूच्या दिव्यांचे काहीतरी बिनसले आहे. सर्व दिवे बंद ठेवून ब्रेक दाबला, तर डावा ब्रेकलाइट अगदी मंद पेटतो आणि त्याच वेळी पुढचा डावा इंडिकेटर व डॅशबोर्डवरचा बाणही मिणमिणतो. रात्री पार्किंग लाइट लावून डावा इंडिकेटर दिला, तर इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीबरोबर त्या बाजूचा टेललाइट मंदावतो. उजवी बाजू ठणठणीत आहे. इलेक्ट्रिशियनने बल्ब आणि फ्लॅशर बदलले, एक फ्यूज १५ ऐवजी ३० अँपिअरचा घातला आणि आता मागचे सगळे वायरिंग बदलावे लागेल असे तो म्हणतो. त्याआधी मला घरी काही तपासता येईल का?

पहिले उत्तर

वायरिंगला हात लावू देऊ नका. आपण सांगितलेली लक्षणे डाव्या टेललॅम्पचे अर्थिंग तुटल्याची आहेत.

त्या लॅम्पमधील ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर या सर्वांचा परतीचा मार्ग एकच असतो, तो म्हणजे बॉडीला स्क्रूने आवळलेली अर्थची तार. हा मार्ग बंद झाला की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला प्रवाह शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमध्ये उलटा शिरतो, त्याच्या तारेने पुढे जातो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थमधून बॉडीत उतरतो. म्हणजे २१ वॅटचे तीन बल्ब नकळत एकामागोमाग जोडले जातात, १२ व्होल्टपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४ येतात आणि म्हणून तिघेही मिणमिणतात. नवा बल्ब घालून यात फरक पडणार तरी कसा?

खात्री करण्यासाठी हातभर तार घ्या, तिचे एक टोक होल्डरच्या अर्थच्या पट्टीला आणि दुसरे डिकीतील रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्याला धरा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा लख्ख पेटला, तर दोष सापडला. मल्टिमीटर असल्यास ब्रेक दाबलेला असताना तीच पट्टी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. चांगल्या अर्थिंगला ते ०.२ व्होल्टच्या आत असते.

दुसरे उत्तर

वरील निदानाशी मी सहमत आहे, पण आधी तो ३० अँपिअरचा फ्यूज काढा. फ्यूज तारेचे रक्षण करतो, त्यामुळे १५ अँपिअरच्या हिशेबाने घातलेल्या तारेवर ३० चा फ्यूज असेल, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजआधी तारच तापेल आणि तिच्यावरचे आवरण वितळू लागेल. पुष्कळ ठिकाणी हा उपाय सर्रास केला जातो, हे मात्र खरे.

दुरुस्तीच्या वेळी बॅटरीची ऋण तार आधी सोडा. अर्थचा स्क्रू काढून थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा, कारण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा फार दिवस टिकत नाही. लॅम्पच्या मागचे रबरही तपासा. ते कडक झाले असेल, तर पाणी तेथूनच आत येत असणार आणि पुढच्या पावसाळ्यात हीच तक्रार पुन्हा उभी राहील.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे आभार. मीटरने ७ व्होल्ट दाखवले. डिकीतील कार्पेट उचलले, तर खाली ओल होती आणि अर्थच्या थिंबलची हिरवट भुकटी बोटाला लागली. तार स्क्रूपाशी केवळ दोन धाग्यांवर लटकली होती. नवे थिंबल बसवले, पत्रा घासला आणि ब्रेक दाबताच दोन्ही दिवे सारखे पेटले. फ्यूजही १५ चा घातला आहे. रबर खरोखरच तडकलेले निघाले; ते मिळेपर्यंत त्या फटीत सिलिकॉन भरून ठेवले आहे.