बारावीच्या प्रकल्पावरचे भाषण कसे बांधावे?

प्रश्न : माझ्या मुलीने बारावीच्या पर्यावरण प्रकल्पासाठी गंगापूर धरणाखाली आणि रामकुंडावर गोदावरीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला असून, त्यावर तिला ७ मिनिटे बोलायचे आहे. वही नोंदींनी भरली आहे; सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ : रामकुंडाच्या पायरीवर बसून बाटली बुडवताना तिला जे दिसले, तिथूनच करावी. आकडे दोनच ठेवावेत.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र नमुने घेतानाचे तापमान अवश्य सांगावे, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि परीक्षक नेमके तेच विचारू शकतात. घोकंपट्टी नको, घड्याळ लावून मोठ्याने बोलण्याचा सराव हवा.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. काल बोलून पाहिले, तेव्हा ११ मिनिटे लागली. आता लांबलचक प्रस्तावना काढून टाकली आहे.