प्रत्येक वेळी डिस्क चेकिंग: आधी बॅकअप, मग इलाज

विंडोज सुरू होताना रोज सी ड्राइव्हची तपासणी चालते, पूर्ण होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणीतरी 'चेकएनटीएफएस' (सुरू होतानाची ही तपासणी चालू-बंद करणारी कमांड) एक्स लावून देऊन तपासणी बंद करायला सांगितलंय. तसं करू नका. त्याने फक्त तक्रार ऐकू येणं बंद होतं, दुखणं तसंच राहतं.

फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे ड्राइव्हवर फाइल कुठे आहेत याच्या नोंदींत, गडबड दिसली की विंडोज त्या ड्राइव्हवर 'डर्टी बिट' नावाची खूण करून ठेवतं. तपासणी नीट पार पडली की ती खूण पुसली जाते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'एफएसयुटिल डर्टी क्वेरी सी:' ही कमांड (अर्थात इंग्रजी अक्षरांत) देऊन पाहा. तपासणीनंतरही ड्राइव्ह डर्टीच दिसला, तर मला डिस्कचाच संशय येईल.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. ०५ (रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब निघाल्याने बदललेले भाग) किंवा सी५ (पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे संशयित भाग) वाढत असतील तर डिस्क निकामी होत चालली म्हणायची. फक्त सी७, म्हणजे सीआरसी एरर (डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुका), वाढत असेल तर बहुतेक साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब असते. डेस्कटॉप असेल तर केबल बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

आणि हो, 'चेकडिस्क' ही डिस्क तपासायची कमांड आर लावून (खराब भागही शोधायला) चालवण्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. मरणाऱ्या डिस्कवर तासन्‌तास चालणारं ते स्कॅन कधीकधी शेवटचा घाव ठरतं. स्मार्टचे आकडे इथे टाका, बघून सांगतो.