मदत हवी आहे : गेलेनच्या मजकुरातून क्रिसिप्पसचे मूळ शब्द कसे वेगळे काढावेत?

नमस्कार. अथेन्समधील स्टोइक (विवेकानुसार जगण्यावर भर देणाऱ्या) तत्त्वज्ञान-संप्रदायाचा तिसरा प्रमुख क्रिसिप्पस (सुमारे इ. स. पू. २८० ते २०६) याच्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. प्राचीन तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा डायोजेनिस लार्शियस त्याच्या नावावर ७०५ हून अधिक ग्रंथ सांगतो. त्यांपैकी एकही पूर्ण उरलेला नाही, आणि चरित्रकार-तत्त्वज्ञ प्लुटार्क व वैद्य गेलेन या नंतरच्या ग्रीक लेखकांनी खंडनासाठी उद्धृत केलेल्या उताऱ्यांवरच बरीचशी भिस्त ठेवावी लागते.

अडचण 'भावनांविषयी' या चार भागांच्या ग्रंथाची आहे. चालणारा माणूस मनात येताच थांबू शकतो, धावणाऱ्याला ते जमत नाही, तसेच भावनेच्या भरात सापडलेल्याचे होते, हा त्यातील दृष्टान्त गेलेन सुमारे चारशे वर्षांनी उद्धृत करतो. पण लगेच त्याचे स्वतःचे भाष्य सुरू होते आणि भाषांतरात सांधा दिसत नाही. (अवतरणांचा सोस क्रिसिप्पसलाही होताच, नाटककार युरिपिडीसचे 'मीडिया' हे नाटक त्याने एका ग्रंथात जवळजवळ सगळे उतरवले होते म्हणतात.)

लाँग व सेडली यांचा अशा उताऱ्यांचा १९८७ चा संग्रह पाहिला, परंतु त्यात निवडक उतारेच आहेत. स्टोइकांच्या उरलेल्या उताऱ्यांचा फॉन आर्निमचा संग्रह मूळ ग्रीक-लॅटिनमध्ये असल्याने माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहरातील जळालेल्या ग्रंथ-गुंडाळ्यांत सापडलेले त्याचे अवशेष तर्कशास्त्र आणि ईश्वरी योजना या विषयांवरचे आहेत, त्यामुळे इथे उपयोगाचे नाहीत.

तर अवतरण आणि गेलेनचे भाष्य वेगवेगळे दाखवणारे, भारतातून मिळण्याजोगे इंग्रजी भाषांतर कोणते, आणि शब्दशः अवतरण ओळखण्यासाठी अभ्यासक कोणत्या खुणा ग्राह्य धरतात?