विश्वास असूनही रडणं

'देवावर विश्वास आहे तर मग रडता कशाला?' असं एकांनी विचारलंय, म्हणून लिहितो. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. बहुतेकदा तो आधीच खचलेल्या माणसाला विचारलेला असतो, याचं फार वाईट वाटतं.

बायबल तरी रडणाऱ्याला गप्प करत नाही. त्यातल्या स्तोत्रांच्या, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकात स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन वचनांतच 'कुठवर?' हा प्रश्न चारदा येतो. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाहीच. आजारी मुलाच्या खाटेशी बसलेल्या एका आईने मला प्रार्थना करू दिली नाही. "मीच बोलते त्याच्याशी," म्हणाली आणि देवाला चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या मते तोही विश्वासच. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही, त्याच्याशी कुणी इतकं भांडत नाही.

आशेचं म्हणाल, तर बायबलमधल्याच रोमकरांस पत्रात (5:3-4) येशूचा प्रेषित पौल याने क्रमच दिलाय: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. म्हणजे आशा शेवटी येते. कालच ज्याच्यावर आभाळ कोसळलंय, त्याच्याकडे आज ती मागू नका. त्याची औषधं आणून द्या, मुलांना शाळेतून घेऊन या. वचनं ऐकवायला पुढे वेळ आहे.