गोव्यात रोजच्या फेऱ्यांना आणि लांबच्या प्रवासाला एकच ॲडव्हेंचर गाडी: किती वजनाची घ्यावी?

मांडवीकाठ (धागाकर्ता)
पणजी-म्हापसा रोजची ये-जा आणि सुट्टीत हंपी, पुणे, चिकमगळूर, हे सगळे एकाच गाडीवर करायचे असेल तर चारशे सीसीच्या वर्गातली ॲडव्हेंचर मोटारसायकल (खराब रस्ते आणि लांब प्रवास दोन्हींसाठीची) घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. उदाहरण म्हणून रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० धरा: ४५२ सीसी, ४० पीएस, ४० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढ), १७ लिटरची टाकी, दोन्ही चाकांना २०० मिमी सस्पेन्शन.

मिरग लागला की इथल्या खड्ड्यांत पाणी साचते आणि खोली कळत नाही. अशा वेळी पुढचे २१ इंची चाक खड्ड्याच्या कडेवर आपटण्याऐवजी चढून जाते. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना केरीहून चोर्ला घाट चढताना दर वळणावर गिअर पाडावा लागत नाही. बेळगावनंतर महामार्गावर शंभरच्या वेगाला इंजिनात भरपूर दम शिल्लक असतो. दोनशेची गाडी हे सगळे करते, पण दिवसभर तिचा जीव काढून.

चोर्लाघाट
असहमत. हिमालयन ४५० चे वजन, १९६ किलो, हा आकडा तुम्ही सोयीस्कर गाळलात. त्यात बॅगा, त्यांची फ्रेम आणि क्रॅशगार्ड धरले तर गाडी सव्वादोनशेच्या पुढे जाते.

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, म्हणजे पर्वरीहून पणजीला यायचे तर जुन्या पुलावरून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्या वेगाला रेडिएटरचा पंखा सतत चालतो आणि गरम हवा गुडघ्या-पोटऱ्यांवर येते. ४५० चे इंजिन तीन हजार आरपीएमच्या खाली कुरकुरते, त्यामुळे क्लच अर्धा दाबूनच चालवावा लागतो. कोंडीत क्लच प्लेट झिजतात त्या यामुळेच. दिवाडीच्या फेरीबोटीचा ओला लोखंडी उतार आठवा. तिथे पुढचा ब्रेक जरा जोरात लागला तर चाक सरकते आणि जड गाडी एकदा कलली की माणसाला सावरत नाही. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही १६० किलोच्या आत आहे, तिला तेलाचा कूलर आहे, रेडिएटर नाही. चाके २१ आणि १८ इंची. वर्षातले बहुतेक दिवस गाडी गावातच चालते, तर वजनही गावाच्या हिशेबाने ठरवावे.

मांडवीकाठ
उष्णतेचा मुद्दा खरा आहे. पण रेडिएटरच्या जाळीत लाल चिखल बसला की त्रास दुप्पट होतो, आणि तेवढा भाग आपल्या हातात आहे. इंजिन थंड झाल्यावर मागच्या बाजूने पुढे, साध्या पाईपने पाणी मारावे. प्रेशर वॉशर मारला तर पातळ पात्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

आता एक्सपल्स. तिचा टॉर्क १७.३५ न्यूटन-मीटर, तोही साडेसहा हजार आरपीएमला. एकट्याने ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत ती मजेत चालते. मागे माणूस बसला, समोरून वारा आला, की ट्रक ओलांडायला जागा मोजून घ्यावी लागते. धारवाड-हुबळीच्या मोकळ्या माळावर वारा नेहमीच असतो. ओव्हरटेकमधला हा फरक सुरक्षेचा आहे, त्याला हौस म्हणू नका.

टॅपेट
दोघेही मधली गाडी विसरलात. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स: २४९ सीसी, २६.५ पीएस, १६७ किलो, पुढे १९ आणि मागे १७ इंची अलॉय (बिनतारांची ओतीव) चाके, दोन्ही ट्यूबलेस. महामार्गावर शंभरला निवांत.

ट्यूबलेसवर माझा भर आहे, कारण रात्री अनमोड घाटात पंक्चर झाले तर पंक्चरवाला मिळणार नाही. ट्यूबलेसला खिळा पकडीने ओढायचा, भोक कानशीने घासायचे, रबरी पट्टी घुसवायची, बाहेरचे टोक कापायचे, पंपाने हवा भरायची. दहा मिनिटांत मोकळे. ट्यूबच्या चाकाला धुरा काढा, चेन उतरवा, दोन लिव्हरनी टायर सोडवा. पावसात, टॉर्चच्या उजेडात, नवी ट्यूब लिव्हरखाली चिमटून पुन्हा फाटते ती वेगळीच.

सत्तरीवाट
टॅपेट, अलॉयची दुसरी बाजूही सांगा. सत्तरीतल्या वाळपई-ठाणे भागात किंवा उसगावच्या खाण रस्त्यावर खोल खड्ड्यात जोरात आपटले तर अलॉयचा काठ वाकतो, कधी तडा जातो. वाकलेल्या काठातून हवा गळते आणि पट्टीने ती थांबत नाही. तारांचे चाक वाकले तरी गावातला कारागीर तारा ओढून सरळ करून देतो. हिमालयन ४५० ला आता तारांची ट्यूबलेस चाके मिळतात. तेवढे जादा पैसे द्यावेत, दोन्ही भांडणे मिटतात.

ट्यूबवालेच असाल तर जवळ २१ इंची ट्यूब ठेवा. अडचणीत ती मागच्या लहान चाकातही घड्या घालून बसते आणि हळू चालवत पुढच्या गावापर्यंत नेते. उलट होत नाही, मागची ट्यूब पुढे पुरत नाही. शिवाय हवा कमी ठेवून खड्डे मऊ करण्याची सवय सोडा. रिम आणि खड्ड्याची कड यांत ट्यूब चेपली की सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

सासष्टीकडून
सीसीवरच बोलणे चालले आहे. किनाऱ्यालगत गाडी कुठलीही असो, तिला खाते खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. नव्या गाडीच्या गंजाची सुरुवात ठरलेल्या जागी होते: तारांची निपल (तार रिमला कसणारे छोटे नट), सायलेन्सरच्या बेंडपाईपचे नट, मागच्या ब्रेक पेडलची खुंटी, साईड स्टँडची खुंटी.

सगळ्यात फसवा बिघाड साईड स्टँडच्या स्विचचा. न्यूट्रलमध्ये इंजिन व्यवस्थित चालते, गिअर टाकला की बंद पडते. लोक प्लग, पेट्रोल पंप, बॅटरी बदलत बसतात. स्विचमध्ये चिखल-मीठ साचले की स्टँड खाली आहे असाच निरोप इंजिनाला जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्टँड दहा-पंधरा वेळा वर-खाली केला की बहुतेकदा काम होते.

दुसरे, ब्रेक कॅलिपरच्या सरकत्या पिना. मिठाने त्या अडकतात, एकच पॅड डिस्कला घासत राहतो आणि तिरका झिजतो. चाक हाताने फिरवून पाहा. जड फिरत असेल तर पिना काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधे ग्रीस नको, त्याने रबरी बूट फुगतात. डॉट ४ ब्रेक तेल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचे, आणि इथल्या दमट हवेत ती मुदत ओलांडू नये.

किनाऱ्याच्या वाळूवर गाडी नेण्याला गोव्यात मनाई आहे, दंड होतो. ॲडव्हेंचर गाडी घेतली म्हणून तो मोह नको. खारी वाळू चेनमध्ये गेली की ती चेन टिकत नाही.

चोर्लाघाट
पूर्ण सहमत, आणि हे सगळे हलक्या गाडीवर घरच्या अंगणात करता येते. चेनबद्दल थोडे. पावसाळ्यात ३०० ते ५०० किलोमीटरला वंगण हवे. केरोसीन आणि मऊ ब्रश. पेट्रोल नाही, तारेचा ब्रश नाही, दोन्हीनी कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. पुसून ९० नंबरचे गिअर तेल आतल्या बाजूने लावावे, गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना. रात्रभर मुरू द्यावे. ढिलाई चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहावी आणि जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे माप धरावे. घट्ट चेनने गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे बेअरिंग जाते, आणि ते काम खर्चिक असते.

नवी_स्वार
माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. यातली कुठली झेपेल? सस्पेन्शन खाली करणारी लिंक लावावी का?

टॅपेट
लिंक नको. मागची बाजू खाली आली की पुढचा काटा (फोर्क) जास्त कलतो, वळणात गाडी सुस्त होते आणि साईड स्टँड लांब पडल्याने गाडी जवळजवळ उभी राहते, वाऱ्याने पडते. ४५० ची सीट ८२५ आणि ८४५ मिमी अशी दोन उंचीत बसते, व्ही-स्ट्रॉमची ८३५. जुनी हिमालयन ४११ फक्त ८०० मिमी, पण १९९ किलो. दोन्ही पाय टेकायची गरज नाही. एका पायाचा चवडा पक्का टेकला आणि थांबण्याआधी रस्त्याचा उतार पाहून तो पाय ठरवला, की जमते.

मांडवीकाठ
४११ चा विषय निघालाच तर मी अजूनही तिचे नाव घेईन. ३२ न्यूटन-मीटर, तेही चार-साडेचार हजारांच्या आसपास, रेडिएटर नाही, कोंडीत ४५० पेक्षा शांत. महामार्गावर नव्वदपर्यंत सुखात. जुनी घेणार असाल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) नक्की तपासा. मुख्य स्टँडवर लावून पुढचे चाक उचला, हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंगला खळ्या पडल्या आहेत, कसून उपयोग नाही, बदलावेच लागेल. मग काट्याचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवा. टकटक झाली तर नुसती ढिलाई असू शकते. ती काढताना नट जास्त कसू नका, हळू वेगात गाडी डोलायला लागते.

सत्तरीवाट
आणि पान्याने प्रत्येक तार ठोकून ऐका. बद्द आवाज करणारी तार सैल आहे. तीन-चार तारा शेजारी-शेजारी सैल निघाल्या तर ते चाक कुठेतरी जोरात आपटलेले आहे, रिमचा तो भाग आतून बोट फिरवून पाहा.